साखरेचं गाणार त्याला…

आम्हा मध्यमवर्गीय मंडळींना एखादी गोष्ट नुसती आवडून भागत नाही. ती आवडण्याला भारदस्त कारण लागतं. आंबा खाताना आम्ही ‘अ’ जीवनसत्त्वाचा उल्लेख करतो. मारामारीचा सिनेमा पाहून आलो, तर ‘छायाचित्रण पाहण्यासारखं आहे हो’ असं सांगतो. गाण्याच्या बाबतीत तर आम्ही चक्क खोटं बोलतो. ‘तुमचं आवडतं गाणं कोणतं?’ असं चारचौघांत कुणी विचारलं, की माणूस आधी खुर्चीत सावरून बसतो, डोळे किलकिले करतो आणि कुठल्या तरी दिवंगत बुवांच्या, बाजारात न मिळणाऱ्या ध्वनिमुद्रिकेचं नाव घेतो. इंग्रजी गाण्यांचा विषय असेल, तर बीटल्स किंवा बॉब डिलन. त्याच्या खाली उतरायचं नाही. हाच माणूस न्हाणीघरात काय गातो, ते फक्त बादलीला ठाऊक असतं.

मला ‘शुगर, शुगर’ हे गाणं आवडतं. साल १९६९, गाणारे ‘द आर्चीज’. पन्नासावर वर्षं होऊन गेली, अजून आवडतं. त्याच्या जातकुळीतली ‘यमी यमी यमी’, ‘सायमन सेज’, ‘चर्पी चर्पी चीप चीप’ ही भावंडंही आवडतात. ही काही खानदानी मंडळी नव्हेत, हे नावं वाचूनच तुमच्या लक्षात आलं असेल. पाश्चात्त्य संगीताच्या घरात यांना ‘बबलगम’ म्हणतात आणि त्यांची पंगत वेगळी, पडवीत मांडतात.

हे नाव शिवीसारखं वापरलं जातं. पण शिवी इतकी चपखल सहसा नसते. बबलगम हा पदार्थ जन्मला १९२८ साली, अमेरिकेत फिलाडेल्फियाला. तो शोधून काढणारे वॉल्टर डीमर हे गृहस्थ ना शास्त्रज्ञ होते ना आचारी. फ्लीअर नावाच्या च्युइंगमच्या कंपनीत ते हिशेबनीस होते. खतावणी बाजूला सारून त्यांनी फुगा फुगेल असा गम करून पाहिला आणि तो फुगला. रंग गुलाबी का? तर तेवढाच रंग त्या वेळी हाताशी होता, म्हणून. बबलगम संगीताचा सगळा इतिहास मला या गोष्टीत दिसतो. शोध हिशेबनिसाचा, रंग हाताला लागेल तो, आणि फुगा मात्र अस्सल. आमच्या लहानपणी ‘गम गिळलास तर आतडी चिकटतील’ असं आया बजावायच्या. ही गाणी न गिळताही चिकटतात, एवढाच काय तो फरक.

आता या गाण्यांच्या मुदपाकखान्यात जरा डोकावू या. न्यूयॉर्कला ‘कामसूत्र रेकॉर्ड्स’ नावाची एक कंपनी होती. तिच्यातून १९६७ साली दुसरी एक कंपनी निघाली, तिचं नाव ठेवलं ‘बुद्ध’. कामसूत्राच्या पोटी बुद्ध जन्मल्याचं हे बहुधा एकमेव उदाहरण असावं. बरं, नावाच्या इंग्रजी स्पेलिंगातला ‘एच’सुद्धा भलत्या जागी बसलेला. पण कुणाचं काही अडलं नाही. एवढं वैराग्याचं नाव घेऊन या कंपनीनं काय केलं, तर दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या खिशातली नाणी मोकळी केली! तिथं नील बोगार्ट नावाचा चोविशीतला कारभारी होता, आणि त्याला माल पुरवायला जेरी कॅसेनेट्झ आणि जेफ कॅट्झ ही जोडी होती. ‘बबलगम’ या नावाचं श्रेयही याच जोडीला दिलं जातं. म्हणजे शिवी बाहेरून आलेली नाही. दुकानदारानंच ती पाटीवर रंगवून घेतली होती. एवढा प्रामाणिकपणा कलेच्या प्रांतात मला तरी फारसा आढळलेला नाही.

बँडांची नावं तरी काय! ‘१९१० फ्रूटगम कंपनी’, ‘लेमन पायपर्स’, ‘ओहायो एक्स्प्रेस’. हे शेवटचं नाव ऐकलं की ती दादरला थांबते का, असं विचारावंसं वाटतं. या एक्स्प्रेसची गंमत अशी, की ‘यमी यमी यमी’ची तबकडी १९६८ साली तिच्या नावावर गाजली, पण तबकडीवरचा शेंबडा, नाकातला, लाडिक आवाज होता जोई लेव्हिन या गीतकाराचा. गावोगाव फिरून कार्यक्रम करणारी मुलं वेगळीच. गाडी एक आणि शिट्टी दुसऱ्याच गाडीची! तरीही या मंडळींची छाती बघा: जून १९६८ मध्ये कॅसेनेट्झ-कॅट्झ जोडीनं आपले सगळे बँड एकत्र करून, चाळीसहून अधिक वादक-गायकांचा तांडा थेट कार्नेगी हॉलच्या रंगमंचावर चढवला. जिथं आमच्या पंडित रविशंकरांची सतार वाजली, तिथं फ्रूटगम कंपनी! पडवीतली पंगत एका रात्रीपुरती माजघरात येऊन जेवून गेली.

आणि गाण्यांचे विषय? ‘सायमन सेज’ म्हणजे आपला ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ. पुढारी सांगेल तसं करायचं. त्यानं नाव घेतलं नाही आणि तरी केलंत, तर बाद. ‘वन टू थ्री रेड लाइट’ हाही पोरांचाच खेळ. अंगणातले खेळ, खाऊ आणि पहिलावहिला, धड कळलेलाही नसलेला प्रेमाचा गोंधळ, असं हे त्रिभुवन. जाणकारांना हे हास्यास्पद वाटतं. पण आपल्याकडे बडबडगीताला कुणी ‘यात आशय काय?’ असं विचारत नाही. बडबडगीताचा आशय तोंडात असतो. जीभ टाळ्याला लागण्यात, ओठ मिटण्या-उघडण्यात. ‘यमी यमी यमी’ हे तीन शब्द एकदा सावकाश म्हणून बघा. घरात कुणी नाही ना, एवढं आधी पाहून घ्या. तोंडाला होणाऱ्या त्या मऊ व्यायामातच निम्मं गाणं आहे.

या सगळ्याचा कळस म्हणजे आर्चीज. त्यामागची कथा तर एखाद्या फार्ससारखी. अमेरिकेत १९६५ साली दूरदर्शन-मालिकेसाठी चार वेडे तरुण हवेत अशी जाहिरात निघाली, ४३७ जण आले, त्यांतून झाला ‘मंकीज’ हा बँड. गाणी दुसऱ्यांनी लिहायची, वाजवायची दुसऱ्यांनी. या चौघांनी गायचं आणि पडद्यावर उड्या मारायच्या. तबकड्या धो धो खपल्या. मग चौघांना वाटू लागलं, की आपण खरेच कलावंत आहोत. आमची वाद्यं आम्ही वाजवणार, म्हणाले. मायकेल नेस्मिथनं तर बैठकीत रागाच्या भरात भिंतीला बुक्का मारून भोक पाडलं. शेवटी १९६७ साली गाण्यांचा सगळा कारभार पाहणाऱ्या डॉन कर्शनरलाच जावं लागलं.

कर्शनर मात्र शहाणा गृहस्थ. त्यानं पुढचा बँड निवडला तो कागदावरचा. आर्ची, रेजी, जगहेड, बेटी आणि व्हेरॉनिका! १९४१ पासून चित्रकथेत हायस्कुलात शिकणारी आणि कधीच पास होऊन बाहेर न पडणारी ही पोरं. ती मोठी होत नाहीत, पगारवाढ मागत नाहीत, भिंतीला बुक्के मारत नाहीत. १९६८ च्या सप्टेंबरात त्यांचं व्यंगचित्रपटांचं सत्र सुरू झालं आणि पुढच्या वर्षी आलं ‘शुगर, शुगर’.

ते १९६९ साल आठवा. जुलैत माणूस चंद्रावर उतरला. ऑगस्टात वुडस्टॉकच्या चिखलात काही लाख तरुण तीन दिवस क्रांतीची गाणी ऐकत बसले. व्हिएतनाममध्ये माणसं मरत होती, आणि पाश्चात्त्य संगीत ‘आता आम्ही पोरखेळ नव्हे’ असं ओरडून सांगत होतं. अशा वेळी सप्टेंबरात अमेरिकेच्या यादीवरून रोलिंग स्टोन्ससारख्या दांडगटांना खाली ढकलून पहिल्या क्रमांकावर कोण बसलं? शाईनं काढलेली पाच पोरं! चार आठवडे हलली नाहीत. इंग्लंडात आठ आठवडे. ‘बिलबोर्ड’च्या त्या वर्षाच्या एकूण यादीतही हेच गाणं पहिलं. आर्चीजच्या गाण्यांच्या पुठ्ठ्याच्या तबकड्या तर सकाळच्या न्याहारीच्या खोक्यांवर छापून येत. खोक्यातलं खायचं आणि खोकं कापून ऐकायचं. आमच्या घरी काहीही वाया घालवू नये असा दंडक होता, त्यामुळे हे तत्त्वज्ञान मला लगेच पटलं असतं.

मुंबईत ते खोकं अर्थातच आलं नाही. आली ती गाणी, आणि तीही इराण्याच्या हॉटेलातल्या ज्यूकबॉक्समधून. धोबीतलावच्या बाजूला आमचा एक ठरलेला इराणी होता. चार आणे टाकले की आतला यांत्रिक हात डौलात वळायचा, तबकडी उचलायचा, आणि बनमस्क्याबरोबर ‘शुगर, शुगर’ सुरू व्हायचं. चार आणे टाकणारा एक आणि ऐकणारे चौदा, हा हिशेब इराण्याला पसंत नव्हता, पण टाळ्यांच्या जागी त्याचाही हात गल्ल्यावर पडायचा. मुंबईत दूरदर्शन आलं १९७२ साली, त्यामुळे आर्चीचं हलतं चित्र आम्ही पाहिलेलंच नव्हतं. फिरत्या वाचनालयातून भाड्यानं आणलेलं मळकं कॉमिक एका हातात आणि कानात ज्यूकबॉक्स! बाकीचा सिनेमा आम्ही मनातल्या मनात काढला. तो अमेरिकेतल्यापेक्षा चांगला निघाला असणार, याबद्दल मला शंका नाही.

या गाण्यावरची सर्वांत मार्मिक समीक्षा मी कुठल्या मासिकात वाचलेली नाही. ती आमच्या मोठ्या मामांनी केली. मामा किराणा घराण्याचे कट्टर. गात नसत, पण न गाताही माणूस घराण्याचा असू शकतो. मी एकदा मित्राकडून तबकडी मागून आणली आणि त्यांच्या फोनोवर लावली. मामांनी सुपारी कातरता कातरता पुरतं ऐकलं.

“अरे, याला नुसता मुखडाच आहे,” ते म्हणाले, “अंतरा कुठाय?”

“मामा, तसं नसतं ह्या गाण्यांत.”

“म्हणजे हा माणूस उंबरठ्यावरच नाचतोय. घरात शिरणार कधी?”

मामांचं निदान शंभर टक्के बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरातून घंटा ऐकू आली. रोजची नव्हे, दोन ठोके, थांबा, पुन्हा ठोके. टाळ्यांच्या बरोब्बर जागी! मामा सोवळ्यात होते, म्हणून मी काही बोललो नाही.

त्या उंबरठ्यावरच या गाण्याची सगळी कारागिरी आहे. ख्यालाचा गवई समेपासून लांब लांब जातो, आपला जीव टांगणीला लावतो आणि मग अलगद परत आणतो. बबलगमवाल्याला दूर जायला वेळच नसतो. तीन मिनिटांच्या आत गाशा गुंडाळायचा असतो. म्हणून तो समेवरच घर बांधतो. ‘शुगर, शुगर’ ध्रुवपदानंच सुरू होतं. गायक हाक मारतो आणि की-बोर्ड त्याला एक छोटंसं, टपोरं उत्तर देतो. ते उत्तर काढून टाका, गाणं पोरकं होईल. कॉर्ड्स मुख्यतः तीनच. रॉन डँटीचा आवाज मुद्दाम दबका ठेवलेला. पोरगा वर्गात शेजारच्या बाकाकडे कुजबुजावा तसा. टाळ्यांसाठी रे स्टीव्हन्ससारखा स्वतः नावाजलेला गायक उभा होता. आणि सगळं फार गोड होतंय असं वाटू लागतं, नेमकं तेव्हा टोनी वाइन या बाईंचा आवाज एका ओळीपुरता उसळून येतो आणि गाण्याला एकदम वय येतं. पोरखेळात मोठ्या माणसाची एक ओळ. तिथून शेवटपर्यंत आवाजावर आवाज चढत जातात आणि तृप्त होण्यापूर्वीच गाणं संपतं. मग काय? आणखी चार आणे!

हे आपोआप होत नाही. अँडी किमबरोबर हे गाणं लिहिणारा जेफ बॅरी म्हणजे काही नवशिका नव्हे. ‘बी माय बेबी’सारख्या गाण्याच्या कर्त्यांपैकी तो एक. आणि साचा पोकळ असता, तर दुसऱ्या कुणाच्या हातात तो टिकलाच नसता. १९७० मध्ये विल्सन पिकेटनं हेच गाणं आपल्या खरखरीत, घामेजल्या आवाजात गायलं आणि चॉकलेटाच्या कागदातून भलतंच काही बाहेर पडलं. जमेकात बॉब मार्लीच्या वेलर्सनीही ते गायलं. मार्लीसारख्या माणसाला त्यात गाण्याजोगं काही सापडलं, तर आमच्या मामांच्या घंटेला का सापडू नये?

आता उणी बाजू. समीक्षा म्हटली की ती सांगितली पाहिजे, नाहीतर लोक तिला जाहिरात म्हणतात. पहिली गोष्ट, ही गाणी एका वेळी एक घ्यावीत. सबंध एलपी ऐकणं म्हणजे श्रीखंडाचं जेवण श्रीखंडानंच सुरू करून श्रीखंडानंच संपवणं. पाचव्या गाण्याला जबडा दुखतो. दुसरी गोष्ट, एक गाणं चाललं की त्याच्याच पिठाच्या आणखी दहा चकल्या पाडायच्या, ही कारखान्याची खोड. त्यातल्या बऱ्याच मऊ पडलेल्या आहेत.

तिसरी गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्याची नाही. या गाण्यांना चेहरे नाहीत. सबंध १९६९ साल गाजवणाऱ्या गाण्याच्या तबकडीवर रॉन डँटीचं नाव नव्हतं; नाव होतं एका चित्राचं. त्याच सुमाराला ‘कफ लिंक्स’ नावाच्या बँडचं ‘ट्रेसी’ अमेरिकेच्या पहिल्या दहांत होतं. त्यात गाणाराही डँटीच! लोक दोन बँड ऐकत होते आणि माणूस एकच होता. इंग्लंडात टोनी बरोज या गायकानं १९७० मध्ये चार निरनिराळ्या बँडांच्या नावांखाली गाणी गाजवली. ‘लव्ह ग्रोज’ त्यातलंच. जात्यावरच्या ओव्यांनाही नाव नसतं, हे खरं. पण तिथं बाई आपलं नाव दळणात मिसळून टाकते. इथं ते कुणीतरी कराराच्या कागदावर खोडलेलं असतं. या दोन निनावीपणांत फरक आहे, आणि गाणं कितीही गोड असलं, तरी तो फरक जिभेवर राहतो.

म्हणूनच कदाचित या गोड गाण्यांत मधूनच एक बारीक कळ उठते. ‘चर्पी चर्पी चीप चीप’ घ्या. लॅली स्टॉटनं लिहिलेलं हे गाणं ‘मिडल ऑफ द रोड’ या स्कॉटिश बँडनं गायलं आणि १९७१ मध्ये इंग्लंडात ते पाच आठवडे पहिलं होतं. लग्नाच्या वरातीत वाजवावं असं. पण शब्दांकडे लक्ष द्या: लेकरू सकाळी जागं होतं आणि आई घरात नाही. पुढे बापही नाही. एवढंच. उत्तर मिळत नाही, नुसती चिवचिव चालू राहते. लाखो माणसं यावर नाचली. मीही नाचलो आहे. आई गेली त्या वर्षी हे गाणं कुठल्याशा दुकानात अचानक कानावर पडलं, आणि मी पिशवी खाली ठेवून पूर्ण होईपर्यंत उभा राहिलो. एखादं गंभीर शोकगीत लागलं असतं, तर मी सावध झालो असतो, मन घट्ट केलं असतं. चिवचिवाटापुढे कोण सावध असतो?

त्या काळात ज्यांनी या गाण्यांना नाकं मुरडली, त्यांच्या बावीस-बावीस मिनिटांच्या तत्त्वचिंतनपर रचना आता फार थोडे लोक शेवटपर्यंत ऐकतात. बबलगम मात्र वेश पालटून सगळीकडे फिरतं आहे. बोगार्टनं पुढे डोना समरला घेऊन जगाला डिस्कोवर नाचवलं. चामड्याची जाकिटं घालून फिरणाऱ्या रॅमोन्सनी फ्रूटगम कंपनीचं गाणं मनापासून गायलं. जोई लेव्हिन जाहिरातींची गाणी करू लागला, म्हणजे सासरहून माहेरी गेला.

मी इतक्या पोटतिडकीनं हे का लिहितो आहे? स्वार्थ आहे, दुसरं काय! आयुष्यभर मी असले हलकेफुलके लेख लिहीत आलो. ‘वाचायला बरं असतं हो तुमचं, पण हाती काही लागत नाही,’ हे वाक्य मला इतक्या वेळा ऐकवण्यात आलं आहे, की आता मी त्यालाही चाल लावली आहे. हाती काही लागण्यासाठी भांड्यांचं दुकान आहे. माणसाला दिवसातून तीन मिनिटं हलकं करणं, आणि तेसुद्धा त्याच्या नकळत, याला काय मेहनत लागते हे ज्यानं करून पाहिलं त्यालाच माहीत. भारदस्त लिहिणाऱ्याचा नेम चुकला, तरी ‘प्रयत्न स्तुत्य आहे’ असं म्हणतात. हलकं लिहिणाऱ्याचा चुकला, तर नुसतीच शांतता पसरते. गुलाबी गमचा फुगा एक तर फुगतो किंवा फुटून तोंडाला चिकटतो. ‘आशयघन पण न फुगलेला फुगा’ असा प्रकारच त्यात नाही.

अलीकडे डॉक्टरांनी माझी साखर बंद केली आहे. चहा बिनसाखरेचा, आंबा फोडीपुरता, श्रीखंड फक्त उपमेपुरतं. दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेतला मुलगा येऊन दोनदा रक्त घेऊन जातो, एकदा उपाशीपोटी, एकदा जेवणानंतर. परवा तो आपल्या कागदावर टिपून घेता घेता स्वतःशीच पुटपुटला, “आजोबांची… शुगर… शुगर…”

मी त्याच्या पुढच्या जागी दोन टाळ्या दिल्या. तो माझ्याकडे पाहतच राहिला.